सेफ्टी रेझर घेणं सोपं, ब्लेड जमवणं अवघड

मर्कुर ३४सी हा सेफ्टी रेझर (एकच सुटं दुधारी ब्लेड बसवायचा) वापरतोय बऱ्यापैकी काळापासून, म्हटलं आता रिव्ह्यू टाकायला हरकत नाही. पण आधीच सांगतो, रेझरबद्दल लिहिण्यासारखं फार नाहीये. चांगला आहे, टिकतो, घ्यायचा असेल तर घ्या. हा रिव्ह्यू अर्ध्याहून जास्त ब्लेडबद्दलच होणार आहे, कारण सेफ्टी रेझर घेतलेले निम्मे लोक जे महिन्याभरात कंटाळून परत कार्ट्रिजकडे (पाती आधीच बसवलेलं, अख्खं बदलायचं डोकं) जातात ना, ते रेझरमुळे जात नाहीत, डब्यात जे ब्लेड फुकट आलं तेच वापरत बसतात आणि मग म्हणतात की हे जुनं प्रकरण आपल्या त्वचेला झेपत नाही.

तर पहिल्यांदा रेझर. ३४सी जर्मनीतल्या झोलिंगनचा, दोन भागांचा. म्हणजे वरची टोपी वेगळी होते आणि खालचं सगळं एकसंध. दांड्याच्या बुडाची गुंडी फिरवली की टोपी सुटते, ब्लेड ठेवायचं, परत आवळायचं. वजन साधारण ७७-७८ ग्रॅम, दांडा आखूड आणि जाड. फोटोत बघून वाटतं की एवढुसा दांडा कसा पकडणार, पण हातात आल्यावर कळतं की वजन सगळं डोक्याकडे आहे आणि आपण फक्त दिशा द्यायची. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी लांब दांड्याचा २३सी बघावा. धातू जस्ताचा मिश्रधातू, वर क्रोमचा मुलामा, त्यामुळे फरशीवर आपटू नका, मुलामा उडाला की आतला धातू गंजायला लागतो आणि मग काही करता येत नाही.

एक गोष्ट मात्र दर वेळी बघायची सवय लावा, कुठल्याही सेफ्टी रेझरला लागू आहे. ब्लेड बसवल्यावर रेझर समोर धरून दोन्ही बाजूंनी ब्लेडची कड सारखीच बाहेर आलीये का ते बघायचं. एका बाजूला जास्त दिसली तर गुंडी जरा सैल करायची, टोपीवर अंगठ्याने दाबून धरायचं आणि तसंच परत आवळायचं. दहा सेकंदांचं काम आहे पण हे न करता लोक एका गालावर खूश आणि दुसऱ्या गालावर रक्तबंबाळ असतात आणि शिव्या ब्लेडला घालतात.

आता हे सगळं करायचं कशाला, एकच पातं कशाला, पाच पाती असलेली कार्ट्रिज मिळत असताना? माझ्यापुरतं उत्तर गळ्यावर आहे. दोन पात्यांचं कार्ट्रिज १९७१ मध्ये आलं, तीन पात्यांचं १९९८ मध्ये, पाच पात्यांचं २००६ मध्ये, आणि त्यामागची आयडिया अशी की पहिलं पातं केस थोडा ओढून बाहेर काढतं आणि तो आत जायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खालून कापतं. ऐकायला झकास. पण ज्यांचे केस कुरळे किंवा जाड आहेत त्यांच्यात तो त्वचेच्या खाली कापला गेलेला केस वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो, आणि गळ्यावर ते लाल बारीक फोड येतात जे सगळ्यांना माहितीयेत. एक पातं त्वचेच्या पातळीला कापतं आणि पुढे जातं. शिवाय पाच पात्यांच्या मधल्या फटीत फेस आणि केस जे अडकतात ते नळाखाली धरून, आपटून, परत धरून निघत नाहीत, इकडे एकदा पाण्यातून हलवलं की साफ. ज्यांना कार्ट्रिजने काहीच त्रास नाही त्यांनी बदलायची गरज नाही, उगाच कुणीतरी सांगितलं म्हणून काही करू नका.

आणि खरं सांगायचं तर मजा पण आहे. ब्रश भिजत घालायचा, साबणावर फिरवायचा, तोंडावर फेस चढवायचा, हे सगळं घाईत होतच नाही. सकाळी दहा-बारा मिनिटं फोन हातात धरता येत नाही हाच मला मोठा फायदा वाटतो. रोज दाढी करायचा कंटाळा असलेला माणूस मी, आता रविवारी सुट्टी असली तरी करतो.

थोडा इतिहास सांगतो कारण ब्लेडचा मुद्दा त्यातूनच कळतो. किंग कॅम्प जिलेटच्या डोक्यात वापरून फेकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना आली तेव्हा जाणकार म्हणाले की इतका पातळ पत्रा कडक करायला जाल तर तो वाकडा होणार, धार राहणार नाही. ते कोडं विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने सोडवलं. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली, बस. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी आकडा हजारांत गेला. पहिल्या महायुद्धात तर अमेरिकन सैनिकांच्या किटमध्येच रेझर गेला आणि घरी परतलेले सगळे स्वतःची दाढी स्वतः करायला लागले. म्हणजे अवघड भाग पहिल्या दिवसापासून ब्लेडच होता, रेझर काय, ब्लेड योग्य कोनात वाकवून घट्ट धरणारा चिमटा आहे तो. ब्लेडच्या मधल्या खाचेची रचना पण १९३० च्या आसपास ठरली ती आजपर्यंत तीच आहे, त्यामुळे कुणाकडे आजोबांचा १९४७ नंतरचा जिलेट सुपर स्पीड पडलेला असेल तर त्यात आज विकत घेतलेलं कुठलंही दुधारी ब्लेड सरळ बसतं. विचार करा, फोनचा चार्जर पाच वर्षं टिकत नाही.

आधीची ब्लेडं साध्या कार्बन स्टीलची असायची, धार छान पण दोन दिवसांत गंज. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड आणलं आणि सगळ्यांना त्याच वाटेने जावं लागलं. आजच्या ब्लेडच्या कडेवर स्टीलच्या वर लेप असतात, क्रोमियम, प्लॅटिनम आणि बऱ्याचदा सगळ्यात वर टेफ्लॉनसारखा गुळगुळीत थर. पाकिटावर 'प्लॅटिनम' लिहिलेलं असतं ते हेच. आणि याच लेपांमुळे एक ब्लेड दुसऱ्यासारखं नसतं. जाडी सगळ्यांची साधारण ०.१ मिलिमीटर, आकार सगळ्यांचा सारखा, तरी तोंडावर जमीन-अस्मानाचा फरक.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला आणि ती कळल्यावर सगळं सोपं झालं. धार वेगळी आणि मऊपणा वेगळा. धार म्हणजे केस किती सहज कापला जातो, ओढ न लागता. मऊपणा म्हणजे ब्लेड त्वचेवरून जाताना किती जाणवतं, नंतर आग होते का. काही ब्लेडं प्रचंड धारदार असतात पण त्वचेवर खरखरतात. काही इतकी मऊ की लोणी, पण जाड केसाला भिडली की ओढतात. तुम्हाला ज्याच्या केसाची जाडी आणि ज्याच्या त्वचेचा नाजूकपणा तुमच्यासारखाच आहे असा माणूस भेटत नाही तोपर्यंत दुसऱ्याचं आवडतं ब्लेड म्हणजे फक्त अंदाज.

त्यामुळे सॅम्पलर पॅक घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची पाच-पाच ब्लेडं एकत्र मिळतात तसा. आणि मग टेस्ट करताना बाकी काही बदलू नका. तोच रेझर, तोच साबण, तोच ब्रश, शक्यतो तेवढ्याच दिवसांची दाढी. लोक करतात काय, सोमवारी नवा साबण, मंगळवारी नवं ब्लेड, बुधवारी आफ्टरशेव्ह, आणि गुरुवारी गळा लाल झाला की कुणाला धरायचं तेच कळत नाही. एका ब्लेडवर निदान तीन दाढ्या करा आणि त्याच ब्रँडचं दुसरं ब्लेड पण वापरून बघा मगच मत बनवा. पहिली दाढी पुष्कळदा फसवी असते, काही ब्लेडं पहिल्याच दिवशी जरा खरखरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुधारतात, काही पहिल्या दिवशी स्वर्ग आणि तिसऱ्या दिवशी कचरा.

आता माझे निकाल. आधी हे लक्षात घ्या, माझी दाढी जाड, गालावर त्वचा ठीक, गळ्यावर नाजूक आणि गळ्यावरचे केस वाटेल त्या दिशेला.

अ‍ॅस्ट्रा सुपिरिअर प्लॅटिनम, हिरव्या पाकिटातलं. हे वर्षानुवर्षं रशियात सेंट पीटर्सबर्गला बनायचं. नवीन माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. धार पुरेशी, मऊपणा पुरेसा, कशातच टोक नाही. ३४सी सारख्या सौम्य (ब्लेड त्वचेला कमी भिडवणाऱ्या) रेझरमध्ये चार-पाच दाढ्या आरामात. कुणी म्हणेल बोअरिंग आहे, असेल बुवा, पण सकाळी आठ वाजता मला थरार नकोय.

जिलेट सिल्व्हर ब्लू, अ‍ॅस्ट्रापेक्षा थोडं धारदार आणि तरीही मऊ. माझं सध्याचं आवडतं. हनुवटीच्या खालचा जो वाकडा भाग आहे, जिथे इतर ब्लेडं दोनदा फिरवावी लागतात, तिथे हे एकदाच जातं.

फेदर. जपानी, आणि धारेच्या बाबतीत सगळे ज्याची शपथ घेतात ते. शपथ खरी आहे. तीन दिवसांची वाढलेली दाढी असली तर हेच काढतो, केस कापला जातोय हे कळत पण नाही. पण हाताला वळण लागायच्या आधी याच्या वाटेला जाऊ नका, हे ब्लेड चुकीचा कोन माफ करत नाही. आणि म्यूले आर४१ सारख्या आक्रमक रेझरमध्ये फेदर घालायचं धाडस ज्यांना करायचंय त्यांनी करा, मी लांबून टाळ्या वाजवीन.

पर्सोना, मऊ. गळ्यासाठी उत्तम. रोज दाढी करणाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या तोंडावर एका दिवसाचेच खुंट असतात त्यांना हे जास्त आवडेल असं वाटतं. वोसखोद, रशियन, टेफ्लॉनचा लेप असलेलं, ते पण याच जातीतलं, शांत ब्लेड.

आणि एक ब्लेड असं निघालं की वरच्या ओठावर अक्षरशः केस उपटल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणी. फार नावाजलेलं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मी ज्याला उरलेली दिली तो मित्र आता शंभराच्या पॅकने मागवतो. त्याची दाढी विरळ आणि मऊ, त्याला ते मखमल वाटतं. झालं की नाही सिद्ध.

एका ब्लेडच्या किती दाढ्या होतात हे सगळे विचारतात. तीन ते सात, केसावर अवलंबून. मोजत बसायचं असेल तर काही ब्लेडांच्या कोपऱ्यांवर १ ते ४ आकडे छापलेले असतात त्यांचा वापर करा, आज कुठली बाजू वर होती ते लक्षात ठेवायला सोपं पडतं. मी मोजत नाही, ओढायला लागलं की त्याच दिवशी बाहेर. ब्लेड बोथट का होतं हे पण इंटरेस्टिंग आहे, केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ, मग पोलाद कसं हरतं? २०२० मध्ये एमआयटीच्या लोकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाढी करून बघितली (म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये केस कापून) आणि सायन्स या जर्नलमध्ये छापलं की धार नुसती झिजून गोल होत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्याला कोनात भिडला आणि नेमकं तिथे पोलादाची आतली रचना एकसारखी नसली की एकच केस टवका उडवायला पुरतो. म्हणजे आपल्याच दाढीने ब्लेड मारलं जातं.

म्हणून पाणी. ब्लेड बदलून बदलून थकलेल्या माणसाला मी आधी विचारतो की तू दाढी भिजवतोस किती वेळ. पाणी प्यायलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी सहज कापला जातो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतातच. आंघोळीनंतर करा, विषय मिटला. फेस पण पाणीदार हवा, तो शेव्हिंगच्या जाहिरातीतला डोंगरासारखा कोरडा फेस दिसायला छान, पण ब्लेड त्यावरून घसरत नाही. दह्यासारखा, चमकणारा, जरासा ओघळेल की काय असं वाटणारा फेस झाला की थांबा. साबण कुठला ते दुय्यम आहे, ब्रश कृत्रिम केसांचा घेतलात तरी चालतो, लवकर वाळतो आणि भिजत पण घालावा लागत नाही.

हाताचं तंत्र शब्दांत सांगणं कठीण आहे पण दोनच गोष्टी धरा. दाब शून्य. कार्ट्रिजने लावलेली दाबायची सवय जायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण रेझरचं वजन पुरतं, आपण दांडा टोकाला हलका धरायचा, घट्ट मूठ केलीत तर दाबणारच. दुसरं कोन, साधारण ३० अंश. तो मोजायचा कसा? टोपी गालाला टेकवा, दांडा जमिनीला समांतर, आणि मग दांडा हळूहळू खाली आणत हलके हात फिरवा, ज्या क्षणी ब्लेड केस पकडायला लागतं तो कोन. कान पण वापरा, बरोबर कोनात खुंट कापल्याचा कुरकुर आवाज येतो, तो बंद झाला म्हणजे एकतर केस संपले किंवा कोन सुटला.

पहिला हात केस वाढतात त्या रोखाने, परत फेस, दुसरा हात आडवा. इथे थांबलात तरी ऑफिसला जाण्याइतकी दाढी झालेली असते. तिसरा उलटा हात रोज मारायची गरज नाही आणि पहिल्या महिन्यात तर अजिबातच नाही. आणि गळ्यावर उलटा हात मारायच्या आधी दोन दिवस दाढी वाढू द्या, बोटं फिरवून बघा केस कुठून कुठे वाढतात ते. माझ्या डाव्या बाजूला ते कानाच्या दिशेने आडवे वाढतात, हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं, वरून खाली ओढत होतो आणि ते तिथे रोखाविरुद्धच जात होतं.

नंतर गार पाणी आणि तुरटीचा खडा ओल्या तोंडावरून फिरवायचा. तुरटी बारीकसारीक रक्त थांबवते ते आहेच, पण माझ्यासाठी ती परीक्षक आहे. जिथे जास्त झोंबलं तिथे तुम्ही दाबलंत किंवा एकाच जागी चार वेळा फिरवलंत. ब्लेड टेस्ट करताना याचा फार उपयोग होतो, सगळीकडे सारखं झोंबत असेल तर ब्लेड संशयित, एकाच ठिकाणी झोंबत असेल तर हात संशयित.

किरकोळ तक्रारी. काही ब्लेडं कागदाला मेणाच्या ठिपक्याने चिकटवलेली असतात, ते मेण ब्लेडवर राहतं आणि ब्लेड नीट बसू देत नाही, गरम पाण्याखाली धरा, बोटाने खरवडू नका. विमानात हातातल्या बॅगेत ब्लेड चालत नाही, रेझर चालतो पण ब्लेडशिवाय काय उपयोग, त्यामुळे चेक-इन बॅग नसेल तर प्रवासापुरतं कार्ट्रिज ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या बंद डब्याला फट पाडून त्यात टाकत जा, भरायला काही वर्षं लागतात. काही ब्लेडांच्या प्लास्टिक डबीच्या मागच्या बाजूलाच वापरलेली ब्लेडं सरकवायची फट असते, तीही चालते.

ज्यांना सौम्य-आक्रमक या भानगडीत आधीच अडकायचं नाही त्यांनी अ‍ॅडजस्टेबल रेझर (ज्यात ब्लेड किती भिडावं ते आकडा फिरवून ठरवता येतं) घेऊ नये असं माझं मत आहे. मर्कुर प्रोग्रेस वगैरे उत्तमच आहेत, पण ब्लेड शोधताना रेझरचा आकडा पण बदलता येत असला की वर सांगितलेला गोंधळ दुप्पट होतो. आधी एका ठरलेल्या रेझरवर ब्लेड पक्कं करा. ३४सी नको असेल तर म्यूले आर८९ साधारण तितकाच सौम्य आहे, आणि ज्यांचा हात स्थिर राहत नाही त्यांना हेन्सन एएल१३ जास्त मानवेल, त्याच्या डोक्याच्या उतारामुळे कोन जवळपास आपोआप लागतो.

आणि ब्लेड सापडलं की मगच शंभराचा डबा घ्या, आधी नको, स्वस्त पडतोय म्हणून तर अजिबात नको. कोरड्या जागी ठेवलीत तर स्टेनलेस ब्लेडं वर्षानुवर्षं खराब होत नाहीत. फक्त डबा बाथरूममध्ये ठेवू नका, तिथली वाफ पाकिटाच्या आत जाते.